जेल प्लेटवर मोनोटाइप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जेल प्लेटवर मोनोटाइप, म्हणजे एकदा लावलेल्या रंगातून एकच प्रत काढण्याची छपाई, सुरू केलेल्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे आधी, अडचणीचे नंतर. प्लेट आत्ता समोर टेबलावर असेल आणि प्रिंट बिघडत असेल, तर थेट प्रश्न ७ वर जा. बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं.

१. जेल प्लेट म्हणजे नेमकं काय? प्रेस खरंच लागत नाही का?

लागत नाही. जेल प्लेट म्हणजे साधारण १ ते २.५ सेंटिमीटर जाडीची मऊ, लवचीक लादी. तिच्यावर रोलरने रंगाचा पातळ थर द्यायचा, त्यात ठसे उमटवायचे किंवा आकार झाकायचे, वर कागद ठेवून तळहाताने घासायचं आणि कागद उचलायचा. धातूची किंवा काचेची प्लेट कडक असते, म्हणून तिथे कागद दाबून बसवायला यंत्राचा दाब लागतो. इथे प्लेटच दबून कागदाला भिडते, त्यामुळे हाताचा दाब पुरतो. एकदा लावलेल्या रंगातून एकच पूर्ण प्रिंट निघते. उरलेल्या रंगातून फिकट दुसरी काढता येते, तिला घोस्ट प्रिंट म्हणतात. कधी कधी पहिलीपेक्षा तीच देखणी येते, तेव्हा दुसरा कागद हाताशी ठेवूनच कामाला बसा.

२. प्लेट विकत घ्यावी की घरी करावी?

हे काम आपल्याला आवडतंय का एवढंच बघायचं असेल, तर घरी करा. नियमित करायचं ठरलं, की विकतची घ्या. घरची प्लेट जिलेटिनची असते आणि तिशी-पस्तिशीच्या तापमानात ती मऊ पडू लागते. नागपूर-चंद्रपूरकडे एप्रिल-मे महिन्यात पंख्याखाली ठेवलेली प्लेटसुद्धा कडेने ढिली होते. विकतची प्लेट खनिज तेल आणि कृत्रिम पॉलिमरपासून केलेली असते. तिला फ्रिज लागत नाही, बुरशी येत नाही आणि नीट सांभाळली तर ती वर्षानुवर्षं टिकते.

पहिली प्लेट २० × २५ सेंटिमीटरची असावी. त्याहून मोठ्या प्लेटवर नवशिक्याचा रंग एका टोकाला वाळतो आणि दुसऱ्या टोकाला अजून रोलर चाललेला असतो.

३. घरी करण्याचं नेमकं प्रमाण काय?

२० × २५ सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये सुमारे १ सेंटिमीटर जाडीची प्लेट होण्यासाठी:

- बिनचवीचं, बिनरंगाचं जिलेटिन : ६० ग्रॅम
- ग्लिसरिन : २५० मिलि
- उकळलेलं पाणी : २५० मिलि

आधी थंड ग्लिसरिनमध्ये जिलेटिन चांगलं कालवून घ्या. थेट पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात. मग गॅस बंद केलेलं उकळतं पाणी थोडं थोडं ओतत हळू ढवळा, फेटू नका. फेटलं की फेस होतो आणि प्रत्येक बुडबुडा पुढे प्रत्येक प्रिंटवर गोल ठिपका होऊन छळतो. कण विरघळत नसतील तर भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा, पण मिश्रण उकळू देऊ नका. उकळलेल्या जिलेटिनची घट्ट होण्याची ताकद कमी होते.

मिश्रण ट्रेमध्ये ओतल्यावर वर्तमानपत्राची लांब पट्टी कडेवर धरून पृष्ठभागावरून एकदा ओढा, म्हणजे फेस तिच्यासोबत निघून येतो. ट्रे जिथे गोठवायचा ती जागा सपाट आहे का ते आधीच बघा. फ्रिजचा कप्पा बहुधा किंचित कललेला असतो, म्हणून प्लेट बाहेर गोठू द्यावी आणि मग रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावी. फ्रीझरमध्ये मात्र नको.

काढताना चारही कडांनी बोथट सुरी फिरवून एका कोपऱ्यातून बोटांनी हळूहळू सोडवा. ट्रेच्या तळाला टेकलेली बाजू जास्त गुळगुळीत असते. छपाई त्याच बाजूवर करा.

बाजारातली जेलीची पाकिटं चालत नाहीत, त्यात मुख्यतः साखर असते. जिलेटिन केकच्या सामानाच्या दुकानात मिळतं. ग्लिसरिन औषधाच्या दुकानातल्या छोट्या बाटल्यांमधून घेणं महाग पडतं, साबण करण्याचं सामान विकणाऱ्यांकडून घ्या.

४. जिलेटिन प्राणिज असतं. त्याऐवजी चायना ग्रास चालेल का?

नाही. चायना ग्रासची जेली उन्हाळ्यात टिकेल, कारण एकदा गोठली की ती ८५ अंशांच्या आसपास वितळते. पण ती ठिसूळ असते. रोलर दोनदा फिरला की तडकते, आणि नुसती ठेवली तरी पाणी सोडते. प्राणिज पदार्थ नको असेल तर विकतची कृत्रिम प्लेट घ्या, मात्र घेताना वेष्टनावर ती जिलेटिनविरहित असल्याचं बघून घ्या.

५. कुठले रंग वापरावेत? घरातले पोस्टर कलर चालतील?

ॲक्रिलिक वापरा. साधे विद्यार्थी दर्जाचे पुरतात. ट्यूबमधल्या घट्ट रंगात ठशाच्या कडा चांगल्या राहतात, बाटलीतला पातळ रंग सपाट थराला बरा.

पोस्टर कलरची पहिली प्रिंट ठीक येते, पण वाळलेला रंग पाण्याने पुन्हा सुटतो. त्यावर दुसरा थर दिला की दोन्ही थर एकमेकांत मिसळून चिखल होतो. जलरंग कृत्रिम प्लेटवर थेंब थेंब होऊन आकसतो, कारण तिचा पृष्ठभाग तेलकट असतो. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब ओल्या बोटाने प्लेटवर पुसून घेतला तर तो थोडा पसरतो. तेलावर आधारित छपाईची शाई सुंदर छापते आणि प्लेटवर बराच वेळ ओली राहते, पण ती कागदावर वाळायला कित्येक दिवस लागू शकतात.

६. कागद कोणता?

गुळगुळीत आणि फार जाड नसलेला. १०० ते १५० जीएसएमचा (ग्रॅम दर चौरस मीटर, म्हणजे कागदाचं वजन) कार्ट्रिज कागद, म्हणजे चित्रकलेचा साधा कागद, शिकायला उत्तम. झेरॉक्सचा कागद सरावाला चालतो, फक्त पाण्याने सुरकुततो. खरखरीत जलरंगाचा कागद रंगाला फक्त उंचवट्यांवर भिडतो, मध्ये पांढरे ठिपके राहतात. तो वापरायचाच असेल तर स्प्रेने हलका ओलसर करून टिपकागदाने टिपून घ्या. हातकागदाचंही तसंच आहे. पुण्यात चांगला हातकागद मिळतो, पण त्यातला गुळगुळीत निवडा. फुलांच्या पाकळ्या घातलेला भेटकार्डाचा कागद इथे कामाचा नाही.

चकचकीत फोटो पेपर प्लेटवर कधीही ठेवू नका. त्याचा लेप प्लेटला चिकटतो आणि सुटताना प्लेटचा पृष्ठभाग सोबत घेऊन येतो. मग ती बाजू कायमची गेली.

७. प्रिंट पुसट, चिकचिकीत किंवा ठिपक्याठिपक्यांची येते. काय चुकतंय?

दोनच गोष्टी तपासा: रंग किती आहे आणि कागद ठेवताना तो किती ओला आहे.

२० × २५ सेंटिमीटरच्या प्लेटला अर्ध्या चमच्याहूनही कमी, म्हणजे सुमारे २ मिलि रंग पुरतो. जवळजवळ प्रत्येक नवशिक्या याच्या दुप्पट घेतो. रंग प्लेटवर तीन-चार जागी ठेवा आणि रबरी रोलर प्रत्येक फेरीला शेवटी उचलत, दिशा बदलत फिरवा. न उचलता पुढे-मागे केलं तर रोलरचा तोच भाग त्याच जागी येत राहतो आणि रंगाच्या पट्ट्या पडतात.

आता कान द्या. रंग जास्त असेल तर रोलर चपचप आवाज करतो आणि तिरप्या उजेडात पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. बेताचा असेल तर आवाज बारीक, सलग येतो आणि थर मखमली, एकसारखा दिसतो. जास्त झालेला रंग प्लेटवरच पुसत बसू नका. रोलर जुन्या कागदावर फिरवा आणि परत प्लेटवर आणा, दोन-तीन वेळा. ते रंग लागलेले कागद टाकू नका, कोलाजला कामी येतात.

त्यानंतर लक्षणांवरून ओळखा:

आकारांच्या कडा पसरल्या, बारीक रेषा बुजल्या, तर रंग जास्त होता.

बारीक पांढरे ठिपके सगळीकडे असतील तर रंग वाळायला लागला होता किंवा कागद खरखरीत आहे. एकाच जागी ठिपका आणि भोवती पांढरं वलय असेल तर तिथे कचरा आहे. रोलरवरचे वाळलेल्या रंगाचे कण हे त्याचं नेहमीचं कारण.

मोठे, गोलसर, रंग न लागलेले भाग म्हणजे कागदाखाली अडकलेली हवा. कागद वरून सपाट सोडू नका. एक कड टेकवून तळहाताने पुढे सरकत बसवा.

रंग प्लेटवरच राहिला आणि कागद जवळजवळ कोरा आला, तर रंग वाळून गेला होता. पण तो वाया गेलेला नाही, तो उचलायची रीत प्रश्न ११ मध्ये आहे.

८. मे महिन्यात रंग लगेच वाळतो आणि जुलैत वाळतच नाही. उपाय?

कोरड्या उन्हाळ्यात पातळ थर मिनिटा-दोन मिनिटांत वाळू शकतो. पंखा बंद ठेवा, सकाळी लवकर काम करा, रंगात ॲक्रिलिकसाठी मिळणारं रिटार्डर (रंग वाळणं लांबवणारं द्रव्य) बाटलीवरच्या प्रमाणातच मिसळा. जास्त घातलं तर रंग कायम चिकट राहतो. रंगात पाणी ओतू नका. रोलर फिरवण्याआधी प्लेटवर स्प्रेचा एकच बारीक फवारा मारा.

पावसाळ्यात उलट. थरांमध्ये थांबायचा वेळ वाढवा, हवं तर हेअर ड्रायरची थंड हवा वापरा. घरच्या जिलेटिन प्लेटवर गरम झोत मारू नका. शिवाय ग्लिसरिन हवेतली आर्द्रता ओढून घेतं, त्यामुळे मुंबई-कोकणात जुलैत घरची प्लेट घाम आल्यासारखी ओली होते आणि रंग तिच्यावर सरकतो. काम सुरू करताना ती सुती कापडाने टिपा, आणि एरवी हवाबंद डब्यात ठेवा.

९. पानांच्या शिरा स्पष्ट येत नाहीत, नुसता पांढरा आकार येतो. का?

कारण तुम्ही पहिल्या प्रिंटवर थांबताय. पान ठेवून काढलेल्या पहिल्या प्रिंटमध्ये पान कागद आणि रंग यांच्यामध्ये येतं, म्हणून पांढरी सावलीच मिळणार. शिरा दुसऱ्या प्रिंटमध्ये येतात.

पातळ थर द्या. पानाची मागची, उठावाच्या शिरांची बाजू रंगावर खाली ठेवा. वर पातळ कागद ठेवून पानाच्या प्रत्येक भागावर बोटाने दाबा, देठाकडे जास्त. कागद उचला, ही झाली सावली. आता देठाला धरून पान सरळ वर उचला, सरकवू नका. पानाखाली राहिलेल्या रंगात शिरांचं जाळं दिसेल. लगेच दुसरा कागद ठेवून घासा.

पान ताजं पण रसाळ नसावं. तोडून तासभर जाड पुस्तकात ठेवलेलं उत्तम. नेचे, पिंपळ, गवताची पाती, शेवग्याची डहाळी छान येतात. रुई, चाफा अशी चीक गळणारी पानं टाळा. चीक प्लेटवर डाग सोडतो आणि रुईचा चीक डोळ्यांना घातक असतो. बाभळीसारखं काटेरी काही प्लेटजवळ आणू नका.

१०. ठशांसाठी घरातलं काय वापरता येईल आणि काय नको?

कांद्या-बटाट्याच्या पिशवीची जाळी, बबल रॅप, जुन्या साडीची लेस, खोक्याचा नालीदार पुठ्ठा, बाटल्यांची झाकणं, रांगोळीचे प्लास्टिकचे जाळीदार साचे. स्टेन्सिल कापायला जुनी एक्स-रे फिल्म फार चांगली: पातळ, चिवट, धुतली की परत तयार. रेषा ओढायला इअरबड किंवा पुठ्ठ्याची कड वापरा.

टाचणी, काटा-चमचा, कटर, धातूची कंगवी नको. साच्याची कड धारदार असेल तर आधी नेलफाइलने घासा.

११. अनेक थर द्यायचे तर क्रम कसा लावायचा? आणि प्लेटवर वाळलेला रंग कसा उचलायचा?

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण थर चढवायच्या दोन रीती आहेत आणि त्यांचा क्रम एकमेकींच्या उलट आहे.

पहिल्या रीतीत प्रत्येक थराची प्रिंट त्याच कागदावर काढत जायचं. यात शेवटचा थर वर दिसतो. फिका आणि अपारदर्शक रंग आधी, गडद किंवा पारदर्शक नंतर.

दुसऱ्या रीतीत थर प्लेटवरच वाळवत जायचे आणि शेवटी सगळे एकदम उचलायचे. यात प्लेटवर सर्वांत आधी लावलेला रंग प्रिंटमध्ये सर्वांत वर येतो, पार्श्वभूमी शेवटी लावायची. हा शेवटचा थर ताजा, पातळ आणि सलग हवा, कारण तोच डिंकाचं काम करतो. कागद ठेवून नीट घासा, वर वजन ठेवून १० ते १५ मिनिटं थांबा. कोपरा थोडा उचलून बघा. वाळलेला रंग प्लेटवर राहतोय असं दिसलं तर कोपरा परत टेकवा आणि अजून थांबा.

प्रश्न ७ मधला वाळून गेलेला रंगही असाच उचलतात.

१२. मासिकातला फोटो प्लेटवरून छापता येतो म्हणतात. आमचा येत नाही.

येतो, पण फोटो कसा छापलेला आहे त्यावर सगळं अवलंबून आहे. छापील शाई किंवा टोनर ॲक्रिलिकला दूर ठेवतो आणि कोरा पांढरा कागद रंग शोषतो. त्यामुळे मासिकाचं पान रंगावर दाबून उचललं की फोटोच्या उजळ भागातला रंग पानासोबत जातो, गडद भागातला प्लेटवर राहतो.

काळ्या रंगाचा अगदी पातळ थर द्या, नेहमीपेक्षाही कमी. पान लगेच पालथं ठेवून हलक्या हाताने पाच-दहा सेकंद दाबा आणि उचला. जोर लावला किंवा जास्त थांबलात, तर पान गडद भागातलाही रंग घेऊन जातं आणि चकचकीत असेल तर चिकटतंसुद्धा. चिकटलंच तर ओढू नका, मागून पाण्याने ओलं करून भिजू द्या. प्लेटवरचं चित्र पूर्ण वाळलं की पांढऱ्यात किंचित पिवळा मिसळून पातळ थर द्या आणि प्रश्न ११ मधल्या दुसऱ्या रीतीने उचला.

दिवाळी अंकांतली चकचकीत जाहिरातींची पानं चालतात, आतली साधी पानं आणि वर्तमानपत्र सहसा नाही. झेरॉक्सच्या दुकानातली लेझर प्रिंट चालते, घरच्या इंकजेटची नाही. फरक ओळखायला ओलं बोट घासा. रंग सुटला तर इंकजेट. फोटो काळ्या-पांढऱ्याचा ठळक फरक असलेला हवा. मधल्या करड्या छटा फारशा येत नाहीत.

दुसऱ्याचा फोटो सरावाला वापरणं वेगळं आणि त्याची प्रिंट विकणं वेगळं. विकायची असेल तर स्वतः काढलेला फोटो घ्या.

१३. अक्षरं उलटी येतात. देवनागरी कशी छापायची?

प्लेटवर उलटं लिहिलं तरच कागदावर सुलट. पण देवनागरीत हे डोळ्यांनी उलटवणं फसवं आहे: प्लेटवर ह्रस्व वेलांटीचा काना अक्षराच्या उजवीकडे जातो, म्हणजे दीर्घ दिसतो, आणि हात आपोआप तो ‘दुरुस्त’ करतो. पारदर्शक फिल्मवर मार्करने सुलट लिहा, फिल्म पालथी करून पारदर्शक प्लेटच्या खाली ठेवा आणि वरून गिरवा.

स्टेन्सिल असेल तर सुलट कापून पालथं ठेवा. शिरोरेखेमुळे प, म, ष यांची पोटं बंद होतात आणि कापल्यावर गळून पडतात. शिरोरेखेत किंवा कान्यात अरुंद पूल सोडा.

अपवाद एकच: प्रश्न १२ च्या पद्धतीत मासिकातला मजकूर सुलटच येतो, कारण तो पानावरून प्लेटवर एकदा आणि प्लेटवरून कागदावर दुसऱ्यांदा उलटतो.

१४. दुसरा थर नेमका पहिल्यावर कसा बसवायचा?

प्लेटखाली टेबलावर प्लेटपेक्षा मोठा पांढरा कागद चिकटवा, त्यावर प्लेटची बाह्यरेषा आखा आणि छपाईच्या कागदाच्या दोन शेजारच्या कडांसाठी पुठ्ठ्याचा काटकोन चिकटवा. कागद दरवेळी त्याच कोपऱ्यात टेकवायचा. ओला कागद किंचित ताणतो, म्हणून केसाइतका फरक राहणारच.

१५. प्लेट साफ कशाने करायची?

दर प्रिंटनंतर साफ करायची गरजच नसते. उरलेला रंग पुढच्या प्रिंटमध्ये उचलला जातो. शेवटी ओलं फडकं किंवा बेबी वाइप्स. वाळलेल्या रंगावर थोडं बेबी ऑइल पसरून पाच मिनिटांनी पुसा आणि सौम्य साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढा. घरच्या प्लेटला गरम पाणी लावू नका. टर्पेंटाइन, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर कुठल्याच प्लेटला नको. पिवळे-लाल डाग राहतात, पण प्रिंटमध्ये उतरत नाहीत.

१६. ठेवायची कशी?

आडवी, दोन गुळगुळीत प्लास्टिक फिल्मच्या मध्ये. बबल रॅपवर ठेवली तर बुडबुड्यांचे ठसे प्लेटवर उमटतात. कागदावर ठेवली तर कागद चिकटतो. उभी ठेवली तर वाकते.

१७. वाळलेल्या प्रिंट एकमेकींना चिकटल्या. आता?

ॲक्रिलिक हाताला कोरडा लागला तरी उष्ण-दमट हवेत दाबाखाली चिकटतो. गठ्ठा तासभर फ्रिजमध्ये ठेवा, रंग कडक होतो, मग कोपऱ्यातून हळू सोडवा. पुढच्या वेळी मध्ये बटर पेपर घाला.

१८. याला मोनोटाइप म्हणायचं की मोनोप्रिंट? सही-क्रमांक कसा?

प्लेटवर कायमचं काही कोरलेलं नसेल आणि चित्र पुन्हा निघणार नसेल, तर मोनोटाइप. तेच स्टेन्सिल किंवा तोच कोरलेला ठोकळा ठेवून दरवेळी रंग बदलत असाल, तर मोनोप्रिंट. जेलवर दोन्ही होतात.

मोनोटाइपवर पेन्सिलने खाली डावीकडे १/१, मध्ये शीर्षक, उजवीकडे सही. सारख्या दिसणाऱ्या दहा काढल्या म्हणून १/१० लिहू नका.

घोस्ट प्रिंटवर पेस्टल किंवा पेन्सिलने काम केलं तर ती ‘खरी’ राहते का, असंही विचारतात. राहते. सतराव्या शतकात इटलीतल्या जेनोव्हाच्या कास्तिल्योने या चित्रकाराने मोनोटाइप केली, आणि फ्रेंच चित्रकार देगाने १८७० च्या दशकापासून आपल्या फिकट दुसऱ्या प्रिंटवर सर्रास पेस्टल चढवलं. मात्र प्रदर्शनाला पाठवताना माध्यमात ‘मोनोटाइप व पेस्टल’ असं स्पष्ट लिहा आणि मुद्राचित्रण विभागाचे नियम आधी वाचा.

१९. कापडावर छापता येईल?

हो. सुती कापड आधी धुऊन खळ काढा, इस्त्री करा. ॲक्रिलिकमध्ये फॅब्रिक मीडियम (रंग कापडावर टिकवणारं द्रव्य) मिसळा, रंग कागदापेक्षा थोडा जास्त घ्या. पूर्ण वाळल्यावर मीडियमच्या बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे मागून इस्त्री फिरवून पक्का करा.

२०. घरची प्लेट चिरली किंवा बुरशी आली तर?

चिरलेली प्लेट तुकडे करून गरम पाण्याच्या पातेल्यातल्या भांड्यात, न उकळता वितळवा, गाळा आणि पुन्हा ओता. मायक्रोवेव्हमध्ये करत असाल तर ३० सेकंदांच्या टप्प्यांनी. दरवेळी थोडं पाणी उडतं आणि प्लेट चिवट होत जाते. फारच घट्ट वाटली तर एक-दोन चमचे गरम पाणी घाला. बुरशी आलेली प्लेट वितळवू नका, टाका. ती कचऱ्यातच टाकायची: वितळवून मोरीत ओतली तर पाइपात जाऊन पुन्हा गोठते.